गो भाषेचा सोर्स कोड कसा वाचावा

प्रोग्रामिंगच्या भाषेबरोबर तिचे कर्ते दोन गोष्टी वापरणाऱ्याच्या हाती देतात. पहिली म्हणजे स्टँडर्ड लायब्ररी, अर्थात फाइल उघडणे, मजकूर जोडणे, यादी क्रमाने लावणे, नेटवर्कवरून माहिती मागवणे अशी सर्वांना लागणारी कामे करणारा तयार कोड. आणि दुसरी म्हणजे टूलचेन, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामपासून संगणकाला चालवता येईल अशी फाइल तयार करणारी कंपायलर, असेंबलर, लिंकर आदी साधने. या दोहोंचा वापर प्रत्येक प्रोग्रामर दररोज करतो, परंतु त्यांचा सोर्स कोड उघडून वाचण्याची सवय फार थोड्यांना असते, आणि ज्यांना ती असते त्यांच्यापैकीही अनेकजण कोडमध्ये जे दिसले तेच भाषेने दिलेले वचन आहे असे मानून फसतात. कोड वाचण्यापासून खरा लाभ हवा असेल, तर ‘हे आज कसे घडते’ आणि ‘हे असेच घडेल असे कोणी म्हटले आहे’ या दोन प्रश्नांची उत्तरे वाचताना सतत वेगळी ठेवावी लागतात. प्रस्तुत लेखात हे वाचन गो या भाषेच्या आधारे कसे करावे याचे विवेचन केले आहे.

गो भाषेची निवड करण्यास कारण आहे. गूगलमध्ये २००७ साली रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी तिची आखणी सुरू केली, १० नोव्हेंबर २००९ रोजी ती मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुली झाली आणि मार्च २०१२ मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती आली. आरंभी तिचा कंपायलर सी भाषेत लिहिलेला होता. ऑगस्ट २०१५ मध्ये आलेल्या १.५ या आवृत्तीपासून मात्र कंपायलर आणि रनटाइम हे दोन्ही गो भाषेतच आहेत. रनटाइम म्हणजे प्रोग्राम चालू असताना त्याच्यासोबत राहून स्मृतीची व्यवस्था पाहणारा आणि एकाच वेळी चालणाऱ्या कामांची वाटणी करणारा भाग. पायथनच्या प्रचलित इंटरप्रिटरचा गाभा सी भाषेत असल्यामुळे केवळ पायथन जाणणाऱ्याची वाट अर्ध्यावर थांबते. गो जाणणारा वाचक मात्र असेंब्ली भाषेतील मोजक्या फाइली सोडल्या तर थेट तळापर्यंत जाऊ शकतो. शिवाय सगळा कोड गोफमट या एकाच साधनाने मांडलेला असल्याने कोणत्याही फाइलीची मांडणी डोळ्यांना परकी वाटत नाही.

हा कोड शोधण्यासाठी वेगळे काही उतरवून घेण्याची गरज नसते, कारण गो स्थापित केल्यावर तो संगणकावर आलेलाच असतो. ‘गो एन्व्ह’ या आज्ञेला ‘गोरूट’ हे नाव दिले की तो कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते कळते. १.२१ आवृत्तीपासून प्रत्येक प्रकल्प स्वतःला हवी ती टूलचेन निवडू शकतो, म्हणून ही आज्ञा ज्या प्रकल्पाविषयी शंका आहे त्याच्याच फोल्डरमध्ये द्यावी. एका आवृत्तीचा कोड वाचून दुसऱ्या आवृत्तीच्या वर्तनाचा उलगडा करू पाहणे ही वेळ वाया घालवणारी चूक आहे. एखाद्याच फंक्शनचा कोड हवा असेल तर ‘गो डॉक’ या आज्ञेला सोर्सचा पर्याय जोडला की तेवढा भाग पडद्यावर येतो. गोरूटमधील मुख्य फोल्डरमध्ये प्रत्येक पॅकेजला, म्हणजे एकत्र ठेवलेल्या संबंधित कोडच्या गटाला, स्वतःचा उपफोल्डर असतो. कंपायलर, लिंकर आणि ‘गो’ ही आज्ञा स्वतः हे सारे ‘सीएमडी’ या उपफोल्डरमध्ये असते. आणि ‘इंटर्नल’ नावाच्या फोल्डरांतील पॅकेजे बाहेरच्या प्रोग्रामला आयात करता येत नाहीत, हा नियम खुद्द टूलचेनच पाळायला लावते.

वाचनाचा आरंभ ‘एरर्स’ या पॅकेजपासून करावा. त्याच्या मुख्य फाइलीत टिप्पण्या वगळल्या तर अगदी थोड्या ओळी उरतात, पण त्यांत एक बारकावा आहे. ‘न्यू’ हे फंक्शन दिलेल्या मजकुरातून चुकीचे मूल्य तयार करते आणि ते थेट न देता त्याचा पॉइंटर, म्हणजे स्मृतीतील पत्ता, परत करते. परिणामी एकाच मजकुराने दोनदा तयार केलेली दोन मूल्ये परस्परांशी समान ठरत नाहीत. फाइल संपल्याची खूण म्हणून ‘आयओ’ पॅकेजमध्ये ठेवलेले मूल्य याच पद्धतीने बनते. पत्त्याऐवजी मजकुराचीच तुलना होत असती, तर कोणत्याही तिऱ्हाईत पॅकेजने तोच मजकूर वापरून बनवलेली चूक ही फाइल संपल्याची खूण समजली गेली असती. पॉइंटरच्या एका चिन्हाने हा गोंधळ टाळला आहे. येथे कोड आणि वचन एकमेकांशी जुळतात, कारण प्रत्येक वेळी वेगळे मूल्य मिळेल ही गोष्ट त्या फंक्शनवरच्या टिप्पणीत स्पष्ट लिहिलेली आहे.

यानंतर ‘सिंक’ पॅकेजमधील ‘वन्स’ हा प्रकार घ्यावा, कारण स्टँडर्ड लायब्ररीतील टिप्पण्या किती मोलाच्या असू शकतात हे तेथे उत्तम रीतीने कळते. एखादे काम, उदाहरणार्थ मांडणीची (कॉन्फिगरेशनची) फाइल वाचण्याचे, कितीही ठिकाणांहून सांगितले गेले तरी एकदाच व्हावे यासाठी हा प्रकार आहे. काम झाले की नाही हे दाखवणारा एक अंक ठेवावा, तो शून्य असेल तर एका अविभाज्य क्रियेत एक करावा आणि ज्याला हा बदल करता आला त्यानेच काम करावे, ही रचना कोणालाही प्रथम सुचते. नेमकी हीच रचना फाइलीतील टिप्पणीत चुकीची म्हणून दाखवली आहे आणि तिचे कारणही दिले आहे. दोन गोरूटीन, म्हणजे गोमधील दोन हलके समांतर प्रवाह, एकाच क्षणी तेथे पोहोचले, तर एक काम करायला लागेल, परंतु दुसऱ्याला तो अंक आधीच बदललेला दिसेल आणि काम पुरे होण्यापूर्वीच तो पुढे जाईल. मांडणीची फाइल अजून वाचली जात असताना तिच्यातील मूल्ये तो वापरू लागेल. ‘वन्स’चे वचन ‘एकदाच’ एवढे नसून ‘परत येण्यापूर्वी काम पुरे झालेले असेल’ हेही आहे, आणि त्या दुसऱ्या भागासाठीच तेथे कुलूप वापरून मंद मार्ग वेगळा ठेवला आहे. ही टिप्पणी वाचल्यावर वाचकाने पुस्तक मिटल्याप्रमाणे फाइल बंद करून तीच रचना स्वतः लिहून पाहावी आणि मग ताडून घ्यावी. समांतर प्रोग्रामिंगवरील पानेच्या पाने वाचून जे उमजत नाही ते या काही ओळींच्या अभ्यासातून उमजते.

‘सॉर्ट’ पॅकेजमधील ‘सर्च’ या फंक्शनमध्ये द्विभाजन शोध आहे, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीचा मधला घटक पाहून प्रत्येक वेळी निम्मी यादी बाजूला टाकण्याची पद्धत. त्यात मधला क्रमांक काढताना दोन टोकांची बेरीज करून तिला चिन्हविरहित पूर्णांक मानले जाते आणि मग निम्मे केले जाते, व बाजूला मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून असे केल्याची टीप आहे. दोन मोठ्या संख्यांची बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेपलीकडे गेली तर ती ऋण होते आणि प्रोग्राम यादीबाहेरची जागा वाचू पाहतो. जावाच्या स्टँडर्ड लायब्ररीत हाच दोष सुमारे नऊ वर्षे राहिला होता, आणि तो कोड लिहिणारे जोशुआ ब्लॉख यांनीच २००६ साली त्याविषयी जाहीरपणे लिहिले होते. ज्या ओळीत विनाकारण वळण घेतल्यासारखे दिसते तेथे बहुधा असा एखादा इतिहास दडलेला असतो, म्हणून अशी ओळ ‘सोपी’ करण्याआधी तिचे कारण शोधावे.

आता आरंभी सांगितलेल्या भेदाकडे वळणे आवश्यक आहे, कारण वाचन वाढते तसा तो भेद विसरण्याचा धोकाही वाढतो. ‘सॉर्ट’ पॅकेजमध्ये ऑगस्ट २०२२ मधील १.१९ आवृत्ती येईपर्यंत क्विकसॉर्टवर आधारित पद्धत होती; त्या आवृत्तीत तिच्या जागी पीडीक्यूसॉर्ट ही, आधीच क्रमाने असलेल्या भागांचा लाभ घेणारी पद्धत आली. समान ठरणाऱ्या घटकांचा आपसांतील मूळ क्रम टिकेल असे वचन सामान्य ‘सॉर्ट’ने कधीच दिलेले नव्हते, त्यासाठी ‘स्टेबल’ हे वेगळे फंक्शन आहे. तरीही जुना कोड किंवा त्याचे फलित पाहून ज्यांनी त्या क्रमावर भिस्त ठेवली होती त्यांच्या चाचण्या नव्या आवृत्तीत कोसळू शकत होत्या, आणि त्याचा दोष भाषेच्या माथी मारता आला नसता. मॅप या प्रकाराची, म्हणजे किल्लीवरून मूल्य शोधणाऱ्या सारणीची, कथा अधिक बोलकी आहे. मॅपमधील घटक कोणत्या क्रमाने मिळतील हे भाषेने ठरवलेले नाही. पण प्रत्यक्षात एकच क्रम मिळत राहिला तर लोक त्यावर विसंबतील हे ओळखून रनटाइममध्ये प्रत्येक फेरीचा आरंभबिंदू मुद्दाम यादृच्छिक ठेवला गेला. या दूरदृष्टीचे फळ फेब्रुवारी २०२५ मधील १.२४ आवृत्तीत दिसले, कारण त्या वेळी मॅपची अंतर्गत रचना पूर्णपणे बदलून स्विस टेबल ही नवी रचना आणता आली आणि नियमाने लिहिलेल्या प्रोग्रामांना त्याचा पत्ताही लागला नाही. याउलट, लिंकनेम या निर्देशाच्या आधारे अंतर्गत फंक्शनांपर्यंत चोरवाटेने पोहोचणाऱ्या पॅकेजांमुळे कर्त्यांचे हात बांधले जाऊ लागले, तेव्हा १.२३ आवृत्तीत लिंकरला अशा नव्या वाटा नाकारण्यास शिकवावे लागले. म्हणून कोडमधून एखादी गोष्ट समजली की तिचा उल्लेख दस्तऐवजात किंवा भाषेच्या विनिर्देशात आहे का हे तपासावे. नसेल तर ती केवळ ज्ञान म्हणून ठेवावी, तिच्यावर इमारत उभारू नये.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांना तर हे वाचन टाळताच येण्यासारखे नाही. गोमधील स्ट्रिंग म्हणजे बाइटांची माळ असते आणि मजकूर यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत असतो, जी १९९२ साली थॉम्पसन आणि पाइक यांनीच रचली. या पद्धतीत देवनागरीच्या नेहमीच्या प्रत्येक संकेतबिंदूला तीन बाइट लागतात. त्यामुळे ‘मराठी’ या शब्दाची लांबी ‘लेन’ या फंक्शनने मोजली तर १५ येते, संकेतबिंदू मोजले तर ५ येतात, आणि वाचणाऱ्याला मात्र त्यात ३ अक्षरे दिसतात. यापुढे ‘युनिकोड’ पॅकेजमधील सारण्यांची फाइल उघडावी. तेथे काना, वेलांटी, उकार ही चिन्हे अक्षरांच्या गटात नसून जोडचिन्हांच्या गटात आढळतात, आणि म्हणून ‘इजलेटर’ हे फंक्शन त्यांना अक्षर मानण्यास नकार देते. जे अक्षर नाही तेथे शब्द तोडावा अशा इंग्रजीला साजेशा नियमाने लिहिलेला प्रोग्राम ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे करतो. मराठीतील शोधयंत्र किंवा शब्दगणना चुकण्यामागे अनेकदा एवढेच कारण असते, आणि उपाय म्हणजे जोडचिन्हांची तपासणी करणारे ‘इजमार्क’ हे फंक्शन सोबत वापरणे. याच फाइलीतील देवनागरीच्या सारणीत दंड आणि दुहेरी दंड सापडत नाहीत, कारण ती चिन्हे अनेक भारतीय लिप्यांत सामाईक असल्याने युनिकोडने त्यांना सामाईक गटात ठेवले आहे. अंकांबाबतही सावध राहावे लागते. ‘इजडिजिट’ हे फंक्शन देवनागरी पाचाला अंक मानते, पण ‘एटॉय’ हे मजकुराची संख्या करणारे फंक्शन तोच अंक दिल्यावर चूक परत करते, कारण त्याच्या कोडमध्ये केवळ रोमन मजकुरातील शून्य ते नऊ यांचीच तुलना केलेली आहे. पायथनमध्ये हेच रूपांतर सुखरूप होते, त्यामुळे एका भाषेतून दुसरीत आलेल्यांची येथे हमखास अडचण होते. छपाईच्या ‘एफएमटी’ पॅकेजमध्ये स्तंभाची रुंदी संकेतबिंदूंत मोजली जाते, म्हणून मराठी नावांची यादी सरळ रेषेत येत नाही. हे वर्तन मात्र दस्तऐवजात नोंदवलेले आहे, तेव्हा ते बदलेल या आशेवर न राहता रुंदी स्वतः मोजावी.

वाचताना मध्येच वाट संपल्यासारखी वाटते अशा काही जागा असतात. ‘टाइम’ पॅकेजमधील ‘स्लीप’ या फंक्शनला शरीरच नसते, केवळ घोषणा असते. त्याचे प्रत्यक्ष काम रनटाइममध्ये लिहिलेले असून लिंकनेम निर्देशाने ते तेथे जोडलेले आहे. इतर काही ठिकाणी असे शरीर नसलेले फंक्शन असेंब्ली भाषेतील फाइलीत असते, आणि त्या फाइलीच्या नावाच्या शेवटी ती कोणत्या प्रोसेसरसाठी आहे ते लिहिलेले असते. नावाच्या शेवटी विंडोज किंवा लिनक्स असेल तर ती फाइल त्या त्या प्रणालीसाठीच कंपाइल होते. म्हणून एकाच नावाची चार फंक्शने दिसली तर गोंधळून न जाता आपल्या संगणकाची फाइल निवडावी. ज्या फाइलीच्या माथ्यावर ती यंत्राने तयार केली असून हाताने बदलू नये असे लिहिलेले असते ती वाचण्याऐवजी तिला जन्म देणारी मूळ फाइल शोधावी.

कंपायलरच्या फोल्डरमधील प्रास्ताविक फाइलीत त्याचे टप्पे क्रमाने दिलेले आहेत आणि ती न वाचता आत शिरू नये. प्रथम पार्सर मजकुराचे वाक्यरचनेच्या झाडात रूपांतर करतो, मग प्रकारांची तपासणी, मग लहान फंक्शने जागेवरच उलगडणे आणि एस्केप अ‍ॅनालिसिस, म्हणजे एखादे मूल्य फंक्शन संपल्यावरही लागेल का हे ठरवून त्याची स्मृतीतील जागा निवडणे, आणि नंतर एसएसए या मध्यवर्ती रूपात आणून यंत्रसंकेत तयार करणे. एसएसए म्हणजे प्रत्येक चलाला एकदाच मूल्य मिळेल अशी मांडणी, ती १.७ आवृत्तीत आली. येथे वाचनाबरोबर प्रयोग हवाच. ‘गोएसएसएफंक’ या पर्यावरण-चलात फंक्शनचे नाव ठेवून प्रोग्राम बांधला, की त्या फंक्शनचे प्रत्येक टप्प्यावरचे रूप शेजारी शेजारी दाखवणारी एक फाइल तयार होते आणि ती ब्राउझरमध्ये पाहता येते. लहानशी बेरीज करणारे फंक्शन घेऊन ही फाइल एकदा शांतपणे पाहिली, तर कंपायलरविषयीचे पुष्कळसे भय नाहीसे होते. एक खबरदारी अशी की, ‘गो’ या नावाने सुरू होणारी पार्सर आणि एएसटी ही पॅकेजे गोफमटसारख्या साधनांसाठी आहेत, कंपायलरचा स्वतःचा पार्सर निराळा आहे. एकाचा कोड वाचून दुसऱ्याविषयी निष्कर्ष काढू नये.

प्रत्येक पॅकेजच्या शेजारी त्याच्या चाचण्यांच्या फाइली असतात, आणि अनेकदा मूळ कोडपेक्षा त्या आधी वाचणे श्रेयस्कर ठरते, कारण कोणती निविष्टी दिल्यावर काय मिळायला हवे याच्या लांबलचक सारण्या तेथे असतात आणि कर्त्यांना कोणत्या कडेच्या प्रसंगांची काळजी होती हे त्यांतून उलगडते. कंपायलरचे जुने दोष ज्या छोट्या प्रोग्रामांनी उघड केले ते मुख्य चाचणी फोल्डरच्या ‘फिक्स्डबग्ज’ या भागात तक्रारीच्या क्रमांकासह जपलेले आहेत. गिटमधील इतिहासही तेवढाच उपयोगी आहे; बदलाच्या नोंदीची सुरुवात पॅकेजच्या नावाने होते आणि तो का केला, किती फरक पडला, कोणत्या तक्रारीवरून केला हे तीत सांगितलेले असते. न समजणाऱ्या ओळीवर तासभर डोके घालण्याआधी ती ओळ आणणारी नोंद वाचावी.

येथील प्रत्येक गोष्ट अनुकरणीय नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ‘स्ट्रिंग्ज’ पॅकेजमधील ‘बिल्डर’ हा प्रकार स्वतःचा पत्ता स्वतःतच साठवून आपली नक्कल झाली आहे का हे ओळखतो, आणि त्यासाठी एस्केप अ‍ॅनालिसिसला चकवणारी एक युक्ती वापरतो. ती कंपायलरच्या उणिवेवरचा तात्पुरता तोडगा आहे असे टिप्पणीतच म्हटले आहे. जगभरातील असंख्य प्रोग्राम ज्यावर उभे आहेत अशा कोडमध्ये ती क्षम्य ठरते, कारण कंपायलर बदलला तर हा कोडही त्याच हातांनी बदलला जातो. सामान्य प्रकल्पात तशी सोय नसल्याने तीच युक्ती पुढच्या आवृत्तीत घातक ठरू शकते. कोड उचलायचाच असेल तर बीएसडी पद्धतीच्या परवान्यानुसार स्वामित्वहक्काची सूचना सोबत ठेवावी लागते, आणि ही अट विसरली जाऊ नये.

वाचता वाचता दोष आढळला तर तो कळवावा, आणि जमल्यास स्वतः दुरुस्त करावा. संपूर्ण टूलचेन घरच्या संगणकावर बांधता येते, फक्त त्यासाठी आधीची गो आवृत्ती हाताशी लागते, १.२४ बांधायला १.२२.६ किंवा त्यानंतरची. ऑगस्ट २०२३ मधील १.२१ आवृत्तीपासून टूलचेनची बांधणी पुनरुत्पादनक्षम आहे, म्हणजे त्याच कोडपासून कोणीही, कोठेही बांधली तरी बाइटागणिक तीच फाइल मिळते, त्यामुळे उतरवून घेतलेली टूलचेन प्रकाशित कोडपासूनच बनली आहे याची पडताळणी शक्य झाली आहे. कंपायलरमध्येच दडवलेला घातक कोड सोर्समध्ये दिसणार नाही हा इशारा थॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दिला होता, हे ध्यानात घेतले तर या पडताळणीचे मोल कळते. नवी आवृत्ती दरवर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येते आणि त्याआधी सुमारे तीन महिने नवे बदल घेणे थांबते, म्हणून दुरुस्ती पाठवण्याची वेळ त्यानुसार निवडावी. देवनागरीविषयीची तक्रार असेल तर ती ‘मराठी नीट चालत नाही’ अशा शब्दांत करू नये. आधी दस्तऐवजातील वचन पाहावे, ते मोडत असल्याची खात्री करावी, आणि निविष्टी, अपेक्षित उत्तर व मिळालेले उत्तर दाखवणारा दहा-पंधरा ओळींचा प्रोग्राम सोबत जोडावा.